सटवाजीनं भरलेल्या दरजा

माझा धाकटा दीर सटवाजी गवंडी होता आणि आपल्या हातचं काम लोकांना दाखवायची त्याला भारी हौस. चुडाव्याला आमच्या घरी पाहुणा आला की चहा होईपर्यंत कसाबसा दम धरायचा, मग म्हणायचा, "चला पावनं, पूर्णेला जाऊन येऊ. एकच टेसन हाय." पाहुण्याला वाटायचं, बाजार दाखवायला नेतोय. हा त्याला गाडीतून उतरवून थेट गिरजाच्या मावळतीच्या भिंतीपुढं उभा करायचा.

गिरजा म्हणजे रेल्वे कॉलनीतलं ख्रिस्ती लोकांचं दगडी देऊळ. आगगाडी नवी नवी आली तेव्हा, निजामाच्या राज्यात, रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी बांधलेलं. काळा दगड, चुन्याचं बांधकाम, वर सागवानी तुळया, माणसाच्या दुप्पट उंच खिडक्या. साहेब गेले, देऊळ राहिलं, आणि रविवारी ते खालच्या वस्तीतल्या माणसांनी भरायला लागलं.

दोन दगडांमधल्या सांधीला दरज म्हणतात. त्या भिंतीच्या सगळ्या दरजा सटवाजीनं सिमिटानं भरल्या होत्या आणि वर करंगळीएवढी जाड, उठून दिसणारी रेघ ओढली होती. "हाय का कुठं वाकडी?" असं विचारायचा. आमच्या एका व्याह्यानं खिशातून सुतळी काढून खरंच लावून बघितली. वाकडी निघाली नाही. व्याही हिरमुसला.

मी या घरात आले तेव्हा चौदा वर्षांची होते आणि सटवाजी पाच वर्षांचा. माझ्या पदराला नाक पुसायचा. माझे सासरे चुन्याचे गवंडी. घरामागं चुन्याची घाणी होती, म्हणजे गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक आणि चाकाला एक बैल. बैल आजारी पडला की आम्ही सासू-सुना. भाजलेली चुनखडी पाण्यात विझवायची, महिनाभर भिजत ठेवायची, मग वाळू घालून दळायची. हिरड्याचं पाणी किती, गूळ किती, बेलफळाचा गर कधी, हे सासूबाई चुना दोन बोटांत चोळून सांगायच्या. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पुढचं शिक्षण त्या घाणीभोवती फिरून झालं.

सासूबाईंच्या बोटांना चुन्यानं भेगा पडायच्या. भाकरी थापताना पिठाला लाल लागायचं. सटवाजीनं ते लहानपणी पाहिलं होतं. मोठा झाल्यावर त्यानं चुन्याला हात लावायचा नाही असं ठरवलं. सिमिट आलं आणि त्याला जणू सुटका झाली. भिजवणं नको, दळणं नको, आज थापलं की उद्या दगड. सासरे गेले त्या वर्षी त्यानं घाणीचं चाक उकिरड्याकडं ढकलून दिलं. मला वाईट वाटलं. माझ्या हातांना मात्र बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, आणि नको म्हणणारे रस्त्यावर उतरले. विद्यापीठाची पायरी चढलेलं पोरगं आमच्या गावात एकही नव्हतं, पण त्याच्या नावावरून भांडायला माणसं पुष्कळ निघाली. रूळ उखडले. वस्त्या पेटल्या.

सटवाजी त्याच आठवड्यात पेडगावला गेला होता, लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला. रुख्मिणीला आठवा सरत आलेला. गाडी पूर्णेपर्यंत आली आणि थांबली. पुढं रूळ बंद. पायी यावं तर पोरीला चालवेना, आणि वाटेत कोण अडवील याचा नेम नाही. वरून पाऊस. गिरजाचं दार किलकिलं दिसलं, तिकडं हा तिला घेऊन गेला.

आत वस्तीतली तीस-चाळीस माणसं होती. त्यांची घरं जळून दोन दिवस झाले होते. दारात सरजाबाई उभी. गिरजाची झाडलोट करायची, घंटा वाजवायची, किल्ली तिच्या कमरेला. तिनं सटवाजीच्या पागोट्याकडं पाहिलं, मग रुख्मिणीच्या पोटाकडं.

"गाव कोणतं?"

"चुडावा."

"आमची घरं जाळली ते कुठले व्हते, आमाला ठाऊक न्हाई. तुमी न्हवते ना त्यात?"

"न्हाई, माय."

"मंग या आत. पोरीला भिताडाकडंनं निजवा, तिथंच तेवढी जागा हाय."

चार दिवस ते तिथं राहिले. आमच्या घरात तोवर त्या वस्तीतल्या हातचं पाणी चालत नव्हतं. चार दिवस सरजाबाईच्या चुलीवरची भाकरी चालली. पाचव्या दिवशी बैलगाडीनं घरी आले. रुख्मिणीला मी आल्या आल्या कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. ते ती शिणली होती म्हणून, की आणखी कशासाठी, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

सटवाजीच्या डोक्यात ती भिंतच बसली. "वैनी, जुना चुना पावसानं पार खाल्लाय. रुख्मिणी निजली व्हती तिथं दरजेतून पाणी झिरपायचं. ती बाई रातसारी आपल्या लुगड्याच्या बोळ्यानं पाणी टिपायलती. माझ्या लेकीसाठी. मी गवंडी, अन् मी बसून बघायलतो."

त्या काळात सिमिट परमिटावर मिळायचं. आमच्या मातीच्या भिंती पक्क्या करायच्या म्हणून त्यानं अर्ज केला होता. वाट बघता बघता ऐंशी साल उजाडलं तेव्हा बारा पोती आली. ती त्यानं गाडीतून उतरवलीच नाहीत. तशीच पूर्णेला नेली.

माझी जाऊ, सटवाजीची बायको कस्तुराबाई, तीन दिवस चुलीपुढं बसली नाही. "माझ्या डोस्क्यावर माती अन् गिरजाला सिमिट! त्यो देव तरी आपला हाय का?"

"आपला न्हाई म्हणूनच," सटवाजी म्हणाला. "आपल्या देवाला आपण काय देतो? नारळ. त्यो बी घरी आणून खातो."

मग त्याला सोडून तिनं मला बोलून घेतलं. सटवाजीनं महिनाभर खपून त्या भिंतीच्या दरजा भरल्या. वस्तीतल्या बायांनी पाणी वाहिलं, सरजाबाईनं दोन वेळा चहा दिला. घरात होती त्यातली सगळ्यात चांगली चीज त्यानं त्या भिंतीला दिली होती, आणि पुढं नऊ वर्षं पाहुण्यांना दाखवत राहिला.

एकोणनव्वद साली एका रविवारी उपासना चालू असताना मावळतीच्या भिंतीचा आतला गिलावा खाटेएवढा सुटून बाकावर पडला. बाक रिकामा होता, म्हणून निभावलं. मागं तुळईचं टोक उघडं पडलं, ते हातानं चुरलं जात होतं. मग रेल्वेच्या वरच्या कचेरीतून कागद आला की इमारत धोक्याची आहे. जतन कसं करणार त्याचा आराखडा तीन महिन्यांत दाखवा, नाहीतर पाडायचा हुकूम निघेल. वस्तीतल्या लोकांनी औरंगाबादहून दिनकरराव नावाचे जुन्या इमारतींचे जाणकार बोलावले, आणि सरजाबाईनं आमच्याकडं निरोप धाडला. जुन्या चुन्याचं माणूस पाहिजे. सटवाजीला वाटलं, आपल्यालाच बोलावणं. चुन्याचं माणूस मी होते. दोघंही गेलो.

दिनकरराव भिंतीपुढं घडीची खुर्ची टाकून बसले होते आणि कागदावर एकेक दगड काढून त्याला नंबर देत होते. मी म्हटलं, "साहेब, दगड मोजून काय करता? पळून थोडेच चाललेत?"

ते हसले. "आजी, आधी आजार लिहायचा, मग औषध. लोक औषध आधी देतात, तिथंच इमारती जातात."

आराखडा म्हणजे नुसतं चित्र, असं मला वाटलं होतं. त्यांचं तसं नव्हतं. पाऊस कोणत्या बाजूनं येतो, पाणी कुठं तुंबतं, कोणतं लाकूड मूळचं, कोणतं मागून घातलेलं, सगळं विचारून लिहायचे. सरजाबाईला त्यांनी विचारलं, "या इमारतीत काय राहिलंच पाहिजे, असं तुम्हाला वाटतं?" मला वाटलं, घंटा म्हणेल.

ती म्हणाली, "आमची घरं जळाली तवा आतून कडी लावता येईल अशी पक्की जागा ही एकच व्हती, साहेब. भिताडं अन् दार. तेवढं लिवा. बाकी तुमी शिकलेले हाव."

दिनकररावांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मग मला जुन्या चुन्याचा खपला दिला. मी दोन बोटांत चोळला, जिभेला लावला, आणि वाळू किती, विटेचा चुरा किती ते सांगितलं. सासूबाई असत्या तर अजून नेमकं सांगितलं असतं.

मग ते मावळतीच्या भिंतीकडं वळले. सटवाजी पागोटं नीट करून पुढं झाला. आता तारीफ होणार.

दिनकररावांनी त्या रेघेवर पेन्सिल आपटली. "हे बघा. हे ज्यानं केलं, त्यानं ही भिंत मारली. कोण होता हा गवंडी?"

 सटवाजीचा हात पागोट्यावरच राहिला. सरजाबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "कोण की, साहेब. लय सालं झाली. परगावचा व्हता कोणी."

दिनकररावांनी लिहिलं आणि लिहिताना तोंडानं म्हणालेही, "अज्ञात, अडाणी गवंडी."

गाडीत सटवाजी खिडकीशी बसला. चुडावा जवळ आलं तेव्हा बोलला. "सिमिटानं भिताड मरतं? मग एवढाली धरणं कशाची बांधत्यात? गुळाची?"

मी म्हटलं, "सटवा, रुख्मिणीच्या लग्नात कस्तुरानं पाण्याच्या रांजणाला तेलाचा रंग दिला होता, आठवतंय?"

"व्हय. शोभेसाठी."

"मग त्या उन्हाळ्यात रांजणातलं पाणी कसं होतं?"

"कढत. रांजणाला घामच फुटंना."

एवढंच.  गवंड्याच्या पोराला आणखी काय सांगायचं? तो स्वतःशीच जुळवत बसला. "भिताडात पाणी जायाचं ते जायचंच. वरून, खालून. चुन्याच्या दरजेतून ते आल्या वाटेनं वाळून जायचं. म्यां ती वाट बुजवली." मग खिडकीच्या गजावर बोटानं रेघ ओढत म्हणाला, "मंग ते आतल्या अंगानं निघालं. गिलाव्यात. तुळईत." टेसन आलं तरी उठला नाही. मी हाताला धरून उतरवला, पाच वर्षांचा असताना उतरवायची तसा.

त्यानंतर महिनाभर आमच्या घरी पाहुणे आले, कोणी पूर्णेला गेलं नाही. कस्तुराबाईनं मला विचारलं, "ह्यास्नी झालंय काय? गोड बोलायलेत." इतका तो बिघडला होता.

दुसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी चुन्याचा नमुना करून नेला. सटवाजी येणार नाही असं वाटलं होतं, पण छिन्नी-हातोडा पिशवीत घालून माझ्या आधी टेसनावर. तिथं पोचलो तर शहरातून आणलेला एक गवंडी दरजेतलं सिमिट काढून बघत होता. सिमिट दगडाला असं धरून बसलेलं की त्याच्याबरोबर दगडाच्या कडा उडायच्या. तीन ठिकाणी मारलं, तिन्ही ठिकाणी दगड फुटला. दिनकररावांनी त्याला थांबवलं.

सरजाबाईला म्हणाले, "बाई, हे निघालं नाही तर ओल थांबणार नाही. मला आराखड्यात लिहावं लागेल की ही भिंत उतरवा. आणि छप्पर हिच्यावर टेकलंय."

"म्हंजे गिरजा पाडायचाच," सरजाबाई म्हणाली.

त्यांनी वही उघडून पेन्सिलीनं 'भिंत उतरवा' असं लिहिलं. आराखडा द्यायला सहा दिवस उरले होते.

सटवाजी माझ्या शेजारी उभा होता.  सिमिट भरणारा तोच, हे तर मला ठाऊकच होतं. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, ती मलाही ठाऊक नव्हती.

"साहेब," तो म्हणाला, "उभ्या दरजा पोकळ हायेत."

दिनकरराव वळले. "तुम्हाला काय माहीत?"

"म्यांच भरल्यात. परगावचा कोणी न्हवता, सरजाबाई खोटं बोलली माझ्यासाठी." पागोटं काढून त्यानं हातात घेतलं. "बारा पोती पुरंनात. मंग आडव्या दरजा पुऱ्या भरल्या, अन् उभ्या दरजांत दगडाच्या चिपा अन् माती कोंबली. वर नुसता सिमिटाचा पापुद्रा. रेघ वढली की कोणाला कळंना. लबाडीच केली म्हणा. नऊ वर्सं लोकांना दाखवायलो ते हेच."

शहरातला गवंडी हसला. दिनकरराव हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. आपण याच माणसापुढं काय बोललो, ते त्यांना आठवलं असावं.

सटवाजीनं पुढं होऊन उभ्या दरजेवर छिन्नीचं टोक ठेवलं आणि हातोडीनं नुसतं टिचकावलं. पापुद्रा फुटला. आतून माती आणि चिपा भसाभस खाली आल्या. मग त्या पोकळीतून त्यानं छिन्नी आडवी घातली, आडव्या दरजेच्या पाठीमागून, आणि सिमिट बाजूला रेटलं. दगडावर घाव नाहीच. वीतभर लांबीचा तुकडा अख्खा निघून त्याच्या हातात आला. दगडाची कड होती तशी. त्यानं दुसरा काढला. तिसऱ्याला घाम आला, पण निघाला.

सरजाबाई म्हणाली, "बघा साहेब, चोरी केली ती बरी केली."

"चोरी न्हाई माय, पोती कमी पडली," सटवाजी चिडून म्हणाला. त्याही वेळेला.

दिनकररावांनी वही उघडली. भिंत उतरवा, असं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, ते खोडलं. मग मागचं पान काढून 'अडाणी' खोडायला लागले, तर सटवाजीनं हात आडवा केला.

"ते ऱ्हाऊ द्या. खरं हाय. पण 'अज्ञात' तेवढं काढा. सटवाजी लिवा, चुडाव्याचा. उद्या कोणी इचारलं तर कोणाला बोलायचं ते कळलं पाहिजे."

दिनकररावांनी दोन्ही शब्द खोडले आणि त्याचं नाव लिहिलं. सिमिट कोणी भरलं, तिथं एकदा. ते कोणी काढायचं, तिथं दुसऱ्यांदा. आराखडा वेळेत गेला, मंजूरही झाला. मी ते पान पाहिलंय. माझ्या दुसरीच्या वाचनाला तेवढं जमलं.

काम दोन हिवाळे चाललं. सटवाजी दिवसाला चार-पाच हात दरज मोकळी करायचा, त्याहून जास्त नाही. उकिरड्यातलं घाणीचं चाक उकरून काढलं आणि गिरजाच्या अंगणात बसवलं. बैल नव्हता. सरजाबाई आणि मी दांड्याला लागलो, दोन म्हाताऱ्या. दुपारी भाकरी तिथंच खायचो, कधी तिची मी, कधी माझी ती. पहिल्या दिवशी तिनं भाकरी पुढं केली तेव्हा म्हणाली, "चालती का?" मी म्हटलं, "भूक लागली." ती माझ्याकडं बघत राहिली. हे उत्तर बरोबर नव्हतं, हे मलाही कळलं. म्हणून मग म्हटलं, "चालती. आधीच चालाय पायजे व्हती." तिनं वर कांदा दिला.

कस्तुराबाई एकदा बघायला आली. भिंतीखाली सिमिटाच्या तुकड्यांचा ढीग पाहून कपाळाला हात लावला. जाताना मात्र चार टोपल्या भरून घेतल्या, अंगणातला चिखल बुजवायला. "कशी का व्हईना, आली घरी माझी बारा पोती," म्हणाली.

भिंत वाळायला आणखी एक वर्ष लागलं. मग नवीन गिलावा, तुळईला नवं टोक. भिंत अजून उभी आहे.

त्या कामानं सटवाजीचं नाव थोडं पसरलं. त्र्याण्णव साली जिंतूरकडच्या एका गावातून बोलावणं आलं, जुन्या दगडी बारवेच्या पायऱ्या ढासळल्या होत्या. त्याच्या गुडघ्यांनी तोवर दगा दिलेला, म्हणून सोबतीला मला घेतलं. माझे गुडघे काय सोळा वर्षांचे होते? एसटीनं गेलो. गावकऱ्यांनी सिमिटाची पोती आधीच आणून ठेवली होती, आता परमिट लागत नव्हतं. सटवाजी त्यातल्याच एका पोत्यावर बसला आणि म्हणाला, "मी एक भिताड मारायलो व्हतो, ते आधी आयका." सगळं सांगितलं. उभ्या दरजांतल्या चिपासुद्धा. ऐकताना माणसं चुळबुळ करत होती. एकानं विचारलं, "ते समदं खरं मिस्त्री, पण चुन्याला दिवस किती लागतील?"

"चार महिने."

"अन् सिमिटाला?"

"आठ दिवस."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आम्ही चहा पिऊन निघालो.

एसटीत मी म्हटलं, "सटवा, ते सिमिटच लावणार."

"लावू द्या. धा वर्सांनी बोलावतील." थोड्या वेळानं म्हणाला, "मी नसलो तर तुमी जावा, वैनी. चुना तुमालाच येतो."

मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. पण त्याला तसं म्हटलं नाही. बरं म्हटलं.